तारीख नसलेला राजीनामा

आमच्या जिल्ह्यात देवसुद्धा करारावर राहतो. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. वर्षातले काही महिने तो एका गावाला, बाकीचे दुसऱ्या गावाला, आणि देव हलवायच्या आधी दोन्हीकडची माणसं बसून रीतसर कागद करतात. त्यामुळं आम्ही कंत्राटी प्राध्यापक अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर जगतो याचं इथं कुणाला फारसं नवल वाटत नाही. फरक एवढाच की देवाकडून कुणी आधीच राजीनामा लिहून घेत नाही.

आमच्याकडून घेतात. मी रुजू झालो त्या दिवशी कार्यालयातल्या बाबूनं तीन कागद पुढं सरकवले. अर्ज, रुजू झाल्याचा अहवाल, आणि तिसरा राजीनामा. 'मी वैयक्तिक अडचणीमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे.' खाली सहीची जागा. तारखेची जागा कोरी. 'सगळेच देतात सर, रीत हाय इथली,' बाबू म्हणाला. मी मराठीचा माणूस. त्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका मी आधी दुरुस्त केल्या आणि मग खाली झोकात सही केली. आता सांगा, असल्या शहाण्याला काय म्हणावं?

हे राजीनामे संस्थेच्या सचिवांच्या खोलीत लोखंडी कपाटात असायचे. कुणाचं तोंड वाकडं दिसलं, कुणी जास्तीचा तास घ्यायला कुरकुर केली, की कपाट उघडायचं आणि तारीख पडायची. भांडायला जागाच नाही. सही तुमची, खुशी तुमची. जायचं तर कोर्टात जा, आणि कोर्टात जायचं म्हणजे घर कुणी चालवायचं?

म्हणून आम्ही संघटनेची शाखा काढली तेव्हा पहिली मागणी हीच ठेवली, की ते कागद आम्हाला परत द्या. दुसरी मागणी, अकरा महिन्यांऐवजी पाच वर्षांचा करार. संस्थेशी बोलायला चौघांची समिती नेमली. इतिहासाचे सर संघटनेचे अध्यक्ष, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. वनस्पतीशास्त्राच्या मॅडम, स्पष्ट बोलणाऱ्या. गणिताचे सर, तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले, बोलणं मोजकं. आणि चौथा मी. लिहिण्याची सगळी कामं माझ्याकडं आली, कारण अक्षर चांगलं असणं हा आमच्याकडं गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा जन्मभर भोगावी लागते.

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्यानं आज दूध चांगलं हाय म्हटलं तर मी पातेल्यात बोट बुडवून बघणार. बायको म्हणते, तुम्हाला देव भेटला तर त्याच्याकडंही ओळखपत्र मागाल. म्हणते ते खरं आहे.

समितीत आम्ही आपसात ठरवलं होतं, की मागायची पाच वर्षं, पण अगदीच ताणलं तर तीनवर यायचं. हे चौघांनाच माहीत. पहिल्या बैठकीला सचिवांनी चहा मागवला, सगळ्यांच्या घरच्यांची चौकशी केली, आणि मी मागण्यांचा कागद वाचायला उघडतोय तोवरच म्हणाले, 'सर, ते पाचबिच राहू द्या. तीनवर बोलू. तुम्हालाबी तेवढंच पायजे की.' अध्यक्षांच्या हातातली बशी खाली टेकली ती पुन्हा उचललीच नाही. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी गणिताच्या सरांकडं बघितलं. ते शांतपणे चहा पीत होते.

त्या शांतपणानंच माझ्या मनात पाल चुकचुकली. चौघांतला एक फितूर आहे, हे तर उघडच होतं. अध्यक्ष फितूर होणं शक्य नाही, त्यांच्या पोटात काही राहत नाही पण जे निघतं ते सगळ्यांसमोर निघतं. मॅडमची सचिवांशी बोलचाल आधीच बंद. मी स्वतःला ओळखतो. राहिलं कोण? वेळापत्रकाच्या कामासाठी दुपारचा अर्धा वेळ कार्यालयात बसणारे, कधी न चिडणारे गणिताचे सर.

मग मी त्यांच्यावर पाळत ठेवली. हे लिहिताना लाज वाटते, पण ठेवली. ते कार्यालयात किती वेळ होते, कुणाशी बोलले, माझ्या वहीच्या मागच्या पानावर नोंदी आहेत. एकदा तर ते सचिवांच्या खोलीतून बाहेर पडताना सापडलेच. 'काय सर, इकडं कुठं?' मी विचारलं. 'रजेचा अर्ज. देवळात आमच्या घराची पाळी आलीय,' ते म्हणाले. मी हसलो. पाळी आली असेलही, पण रजेचा अर्ज प्राचार्यांकडं द्यायचा असतो, सचिवांकडं कशाला? हे मी तोंडानं बोललो नाही. वहीत लिहिलं.

रविवारी मी गावाकडं, ईटला जातो. वाटेत वाशीला माझे गुरुजी राहतात. शाळेत त्यांनी मला शिकवलं, पुढं ते आमच्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि निवृत्त होऊन वाशीला शेतात घर बांधून राहिले. मला नोकरीला लावलं ते त्यांनीच. गणिताच्या सरांनासुद्धा. गेली कित्येक वर्षं माझा नेम आहे, रविवारी सकाळी त्यांच्याकडं थांबायचं, पाया पडायचं, अंगणात खुर्ची टाकून तासभर बोलायचं. ते शेंगा सोलत बसतात, मी बोलतो. घरातलं, दारातलं, विभागातलं. त्या रविवारी मी फितुरीबद्दल तावातावानं सांगितलं. म्हणालो, गुरुजी, आता आम्ही पुढचं पाऊल टाकणार. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायचं केंद्र आमच्या महाविद्यालयात आहे, त्यावर बहिष्कार टाकणार. मग बघू सचिव कसे नाचतात ते. गुरुजी म्हणाले, 'जपून रे बाबा. तुझं घर त्याच्यावर चालतंय.' एवढी काळजी आमची दुसऱ्या कुणी केली नाही, असं तेव्हा मला वाटलं आणि माझे डोळे भरून आले.

मंगळवारी गणिताचे सर पाळी संपवून रुजू झाले. कपाळावर कुंकू, हातात प्रसादाची पुडी. दुपारी मी स्टाफरूममध्ये एकटाच बहिष्काराच्या नोटिसीचा मसुदा लिहीत होतो. ते आले, पुडी माझ्यापुढं ठेवली आणि खुर्ची ओढून म्हणाले, 'सर, जरा बोलायचं होतं. एकट्यात.' मी वही मिटली. खाडकन मिटली. म्हणालो, 'एकट्यात बोलायचे दिवस संपले सर. जे काय असेल ते समितीसमोर बोला.' 'समितीसमोर?' त्यांनी विचारलं. 'व्हय, समितीसमोर,' मी म्हणालो. ते खुर्ची जागेवर सरकवून गेले. प्रसाद मी खाल्ला नाही, शिपायाला दिला.

गुरुवारी आम्ही नोटीस देणार होतो. बुधवारी दुपारीच कळलं, की तपासणी केंद्र आमच्या महाविद्यालयातून दुसऱ्या तालुक्याला हलवलंय. जागा अपुरी पडते असं कळवून संस्थेनंच ते हलवून घेतलं होतं. आता बहिष्कार कशावर टाकायचा? फळ्यावर?

अध्यक्षांचं डोकं फिरलं. ते अणदूरकडचे. म्हणाले, 'आता कागदबिगद बास. बेल-भंडार उचलायचा. खंडोबाच्या समोर खोटं बोलायची कुणाची टाप हाय ते बघू.' आमच्याकडं शेताच्या बांधावरून, भावाभावांच्या वाटणीवरून माणसं अजूनही बेल-भंडार उचलतात. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घ्यायचा आणि बोलायचं. खोटं बोललेल्याच्या घराचं वाटोळं होतं, असं लोक मानतात. आम्ही पीएच.डी. झालेली माणसं, पण कुणीही याला हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, 'बेल मी आणते, आमच्या विभागाच्या बागेत झाड आहे.'

शपथेचा मजकूर लिहायचं काम अर्थातच माझं. मी दोन ओळी लिहिल्या. 'समितीत ठरलेली गोष्ट मी संस्थेच्या कुणाही माणसाला सांगितलेली नाही. ती कुणी सांगितली, हेही मला माहीत नाही.' दुसरी ओळ सुचली तेव्हा मी स्वतःवरच खूष झालो. म्हटलं, एखादा स्वतः फितूर नसेल पण फितुराला पाठीशी घालत असेल, तर तोही यात अडकेल. पळायला फट ठेवायची नाही.

मध्ये एक दिवस सुटी आली, तेव्हा गावाकडं जाताना मी हा कागद गुरुजींना दाखवला. वाचल्यावर त्यांनी मांडीवरचं शेंगांचं सूप खाली ठेवलं. 'शपथबिपथ नको रे,' ते म्हणाले. 'देवाला कशाला मधी आणायचं?' मला वाटलं, वय झालं की माणूस देवाला जरा जास्त भितो.

शनिवारी दुपारी, वर्ग सुटल्यावर, भूगोलाच्या प्रयोगशाळेत आम्ही चौघं जमलो. भिंतीवर जगाचे नकाशे, टेबलावर पितळी ताटली, तिच्यात पिवळाजर्द भंडारा आणि बेलाची पानं. अध्यक्षांनी पायातल्या चपला काढल्या, म्हणून आम्हीही काढल्या. त्यांनी आधी उचलला आणि खणखणीत आवाजात दोन्ही ओळी म्हटल्या. मग मॅडम. मग मी. माझा आवाज कुठंही अडखळला नाही, कारण माझ्या मनात काडीचंही पाप नव्हतं.

गणिताच्या सरांनी कागद हातात घेतला. वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग तो ताटलीशेजारी ठेवला आणि म्हणाले, 'मी उचलणार नाही.'

'का?' अध्यक्षांनी विचारलं.

'माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या देवीची सेवा आहे. हात पुढं करायचा तर काय बोलतोय ते बघून करायचा, एवढं आम्हाला शिकवलंय.'

मी उसळलो. 'कर नाही त्याला डर कशाला सर? आम्ही तिघांनी उचलला ना?'

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पण बराच वेळ बघितलं. 'तुम्ही उचललात ना सर? मग झालं,' एवढंच म्हणाले, चपला घातल्या आणि गेले.

पुजाऱ्याच्या घरातला माणूस भंडाऱ्याला हात लावायला भितो, याहून मोठा पुरावा आम्हाला नको होता. त्याच ठिकाणी त्यांना समितीतून आणि संघटनेतूनही काढायचं ठरलं. ठराव मी लिहिला. अक्षर फार सुंदर आलं होतं.

पुढं करार झाला. तीन वर्षांवरच झाला. पण राजीनामे परत द्यायला संस्था तयार झाली. अट एकच, संघटनेनं सभासदांची यादी द्यायची, त्या यादीतल्या माणसांचे कागद परत मिळतील. यादी मी केली. गणिताच्या सरांचं नाव त्यात घालायचं का, असं मॅडमनी एकदा विचारलं. 'ते आता सभासद कुठंयत?' मी म्हणालो.

आमचे कागद आम्हाला मिळाले. माझा मी घरी नेऊन चुलीत घातला आणि बायकोनं त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या केल्या. गणिताच्या सरांचा कागद कपाटातच राहिला. सत्र संपायच्या आत त्यावर तारीख पडली. 'आपला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे.' बारा-तेरा वर्षांची नोकरी एका ओळीत संपली. ते स्टाफरूममधला आपला खण रिकामा करत होते तेव्हा आम्ही सगळे वर्तमानपत्र वाचत होतो.

तेव्हा मनात आलं होतं, नाही असं नाही. हा माणूस संस्थेचा खबऱ्या असेल तर संस्था त्यालाच का काढील? पण संशयी माणसाला उत्तरं लई लवकर सापडतात. म्हटलं, काम झाल्यावर खबऱ्याला कोण विचारतं? लिंबू पिळलं, साल फेकली.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी एका रविवारी गुरुजींकडं बसलो होतो. करार संपत आला होता, नव्यानं बोलणी सुरू व्हायची होती. मी म्हणालो, या वेळी पाचवरून खाली यायचं नाही असं ठरलंय. गुरुजी शेंगा सोलता सोलता म्हणाले, 'तो काय ऐकायचा न्हाय. मी बघतो बोलून. उद्या येईलच तो.'

'कोण?'

'सचिव रे. दर सोमवारी येतो की. तोबी माझाच विद्यार्थी, तुझ्या आधीच्या तुकडीतला. मागच्या वेळी मीच त्याला समजावलं, पोरांना तीन तरी दे म्हणून. तो दोनवर अडून बसला होता. बहिष्काराचंबी आधी सांगितलं म्हणून निभावलं, न्हायतर तुमच्या सगळ्यांच्या कागदावर तारीख पडली असती. मी मधी पडलो म्हणून तुझी नोकरी वाचली बाळा.'

ते अगदी मायेनं बोलत होते. त्यांच्या लेखी त्यांनी दोन लेकरांचं भांडण मिटवलं होतं. रविवारी एक लेकरू यायचं, सोमवारी दुसरं. ताणलं तर तीनवर यायचं ठरलंय, हेही मीच त्यांना असंच एका रविवारी सांगितलं होतं. मी त्या दिवशी ईटला गेलोच नाही. परत फिरलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकायला बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना सगळं सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, 'हे तुमच्यात आणि माझ्यात. आता बोलणी तोंडावर आलीत. आपणच आपल्या माणसाला विनाकारण काढलं हे कळलं, तर सचिव टेबलावर हसतील आपल्याला. संघटना फुटेल. झालं ते झालं. गप्प बसा.' मी 'बरं' म्हणालो.

पण चैन पडेना. एका शनिवारी एसटीनं उमरग्याला गेलो. गणिताचे सर तिथं हायवेजवळच्या एका खाजगी क्लासमध्ये शिकवतात असं ऐकलं होतं. खालच्या मजल्यावर टायरचं दुकान, वर पत्र्याची खोली. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. दोन तासांमध्ये थोडा वेळ होता, तेव्हा खाली टपरीवर चहा सांगितला. मी जे कळलं ते सांगून टाकलं, एका दमात, माफीसकट.

'मला माहीत होतं,' ते म्हणाले.

पाळी संपवून सोमवारी ते गुरुजींना प्रसाद द्यायला वाशीला गेले होते. अंगणात सचिव बसलेले, आणि गुरुजी त्यांना बहिष्काराचं सांगत होते. रविवारी तिथं कोण येतं हे सगळ्या महाविद्यालयाला ठाऊक होतं. 'मंगळवारी तुम्हाला सांगायलाच आलो होतो मी,' ते म्हणाले. 'तुम्ही वही मिटलीत. समितीसमोर बोला म्हणालात.'

'मग बोलायचं होतं सर. भंडाऱ्याच्या दिवशी तरी बोलायचं होतं.'

'काय बोलणार? पहिली ओळ मी कधीही म्हटली असती. दुसरी कशी म्हणू? मला माहीत होतं की कुणी सांगितलं. आणि गुरुजींचं नाव घेतलं असतं तर त्यांना सांगणारे तुम्ही हेही निघालं असतं, मग त्या यादीत तुमचं नाव राहिलं नसतं. तुमच्या पोरी लहान होत्या. माझं काय, तुळजापूरला घर आहे, देवीच्या दारात उपाशी मरत नाही कुणी. मला वाटलं, एवढी शपथ लिहिणारा माणूस दोन-चार दिवसांत स्वतःच विचार करील आणि उठून सांगील. मी वाट बघितली. तारीख पडेपर्यंत बघितली.'

वरून पोरांचा गलका ऐकू येत होता, तासाची वेळ झाली होती. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

'समितीला सांगितलंत?'

'अध्यक्षांना सांगितलं.'

'काय म्हणाले?'

'गप्प बसा म्हणाले.'

'मग बसलात?' त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जिना चढून वर गेले.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचून बघितलं. यात गुरुजींचं नाव नाही, सचिवांचं नाही, ज्यांची नोकरी गेली त्यांचं नाही. आणि माझंही नाही.